कॉपी करा, पण पुरी करू नका

स्पॅनिश चित्रकार वेलास्केझनं १६५० साली रोममध्ये आपला गुलाम मदतनीस हुआन दे पारेहा याचं व्यक्तिचित्र रंगवलं. त्यातल्या पारेहाच्या गळ्यापाशी एक पांढरी लेसची कॉलर आहे. तिच्यावर मी अकरा दिवस घालवले. सगळ्यात बारीक ब्रश, एक भिंग, शेजारी मोठा करून घेतलेला प्रिंट, आणि मोजून काढलेला एकेक दोरा. कॉपी पुरी झाल्यावर बघणाऱ्यांनी ‘हुबेहूब’ म्हटलं आणि मीही मान डोलावली. पुढच्याच महिन्यात शेजारचे एक वृद्ध गृहस्थ साध्या पांढऱ्या सदऱ्यात माझ्यासमोर खुर्चीवर बसले. चेहरा कसाबसा उभा राहिला, पण त्यांच्या कॉलरपाशी आलो आणि अडलो. मला पारेहाची लेस येत होती. समोरचं पांढरं कापड येत नव्हतं.

नंतर कितीतरी वर्षांनी त्याच चित्राची मोठी, स्पष्ट प्रतिमा पडद्यावर उघडली तेव्हा कळलं की तिथे दोरे नाहीतच. जाड-पातळ पांढऱ्याचे काही ठिपके, काही ओढ, मधेच कोरड्या ब्रशचा नुसता घासून गेलेला स्पर्श. लेस तयार होते ती बघणाऱ्याच्या डोळ्यात, चार पावलं मागे गेल्यावर. म्हणजे मी अकरा दिवस जे रंगवत होतो ते वेलास्केझनं रंगवलेलंच नव्हतं.

जुन्या उस्तादांची व्यक्तिचित्रं उतरवून तैलरंग शिकावेत की नाही, हा वाद कलाशिक्षणात पुन्हा पुन्हा निघतो. एका बाजूला ‘स्वतःचं काही शोधा’ म्हणणाऱ्या संस्था. त्यांच्या लेखी कॉपी म्हणजे कारकुनी. दुसऱ्या बाजूला जुन्या अकादमिक पद्धतीनं शिकवणाऱ्या खासगी शाळा आणि व्हिडिओ बघून शिकणारे असंख्य हौशी. त्यांच्या लेखी ‘मास्टर कॉपी’ हा शिक्षणाचा कळस. ती चकचकीत फ्रेममध्ये बसते आणि वाहवा मिळवते. माझं दोघांशीही पटत नाही. कॉपीशिवाय तैलरंगातलं व्यक्तिचित्र नीट शिकता येत नाही असं मला ठामपणे वाटतं. आणि ती पुरी करण्याच्या हट्टापायीच तिचं मातेरं होतं, हेही तितक्याच ठामपणे वाटतं.

मराठीत ‘गिरवणं’ आणि ‘नक्कल करणं’ असे दोन निराळे शब्द आहेत, ही आपली मोठी सोय. गिरवताना अक्षर दुसऱ्याचं असतं, पण वळण आपल्या हाताला लागतं. सुरुवात कुठून, वळायचं कुठे, हात उचलायचा कधी, हे सगळं त्यात येतं. नक्कल करणाऱ्याला अक्षर शेवटी कसं दिसतं एवढंच हवं असतं. तो ते शेपटाकडून काढायला घेईल आणि तरी तेच अक्षर काढून दाखवेल. कागदावर दोन्ही सारखीच दिसतात. दुसऱ्या दिवशी नवा शब्द लिहायला सांगितला की फरक कळतो.

चेन्निनो चेन्निनी या इटालियन चित्रकारानं १४०० च्या आसपास चित्रकारांसाठी एक हस्तपुस्तिका लिहिली. शिकाऊ मुलाला त्याचा सल्ला सरळ आहे. मिळेल तो सर्वांत चांगला उस्ताद निवड आणि रोज त्याच्याच मागे जा. आज याचं, उद्या त्याचं असं करशील तर कुणाचीच रीत हाती लागणार नाही. आणि निसर्गानं तुला थोडीफार कल्पकता दिली असेल तर याच वाटेनं तुझी स्वतःची रीत तयार होईल. गिरवणं आणि स्वतःचं काही असणं यांत त्याला भांडण दिसतच नाही. ते भांडण फार नंतर लावलं गेलं.

कॉपी ही फक्त नवशिक्यांची गोष्ट, असंही तेव्हा कुणी मानत नव्हतं. १६२८ मध्ये फ्लेमिश चित्रकार रुबेन्स राजनैतिक कामगिरीवर माद्रिदला गेला. वय ५१, युरोपभर दबदबा, हाताखाली मोठी कार्यशाळा. आणि या माणसानं तिथे काय केलं, तर राजाच्या संग्रहातली व्हेनिसच्या टिशियनची चित्रं एकामागून एक उतरवून काढली. टिशियनचे आदम आणि ईव्ह आणि रुबेन्सनं केलेली त्यांची कॉपी, दोन्ही आज माद्रिदच्या प्राडो संग्रहालयात आहेत. रुबेन्सनं आदमला वेगळा रेलून बसवला, त्याच्या अंगात बळ भरलं, आणि वर झाडावर एक लाल पोपट आणून ठेवला. मला त्या पोपटाचं फार कौतुक आहे. ज्याच्यापुढे आपण मान तुकवतो त्याच्या चित्रात हात घालून ‘इथे लाल हवा’ म्हणायला हिंमत लागते, आणि ती हिंमत आधी त्याचं बाकी सगळं नीट वाचल्यावरच येते.

कॉपीच्या विरोधात जे बोललं जातं त्यातलं बरंचसं फुसकं असतं. ‘मौलिकता मरते’ हे त्यातलं सगळ्यात आवडतं. सहा महिने गिरवून मरत असेल तर ती मुळात फारशी धडधाकट नसणार. पण एक आक्षेप मात्र खरा आहे, आणि तो घेणारा माणूस परंपरेचा शत्रू नव्हता. तो होता जोशुआ रेनल्ड्स, लंडनच्या रॉयल अकॅडमीचा पहिला अध्यक्ष. १७६९ च्या व्याख्यानात त्यानं विद्यार्थ्यांना बजावलं की सरसकट कॉपी करत बसणं हा फसवा उद्योग आहे. हात चालतो, वेळ जातो, काहीतरी केल्याचं समाधान मिळतं. पण काय घ्यायचं आणि काय सोडायचं हे ठरवण्याची कुवत तेवढा वेळ झोपून राहते, कारण ठरवण्याचं सगळं काम आधीच दुसऱ्या कुणीतरी उरकून ठेवलेलं असतं.

हे वाचलं तेव्हा माझे अकरा दिवस डोळ्यांपुढे आले.

रेनल्ड्स नुसता आक्षेप घेऊन थांबला नाही. त्याचा पर्याय असा होता: उस्तादाच्या चित्राला जोडीचं चित्र काढा. त्याचीच तत्त्वं, तसाच विषय, पण चित्र तुमचं. मग दोन्ही शेजारी ठेवून बघा. हे काम कठोर आहे, मान खाली घालायला लावणारं आहे, हेही त्यानं कबूल केलं. मात्र स्वतः रेनल्ड्सची गंमत सांगितल्याशिवाय राहवत नाही. त्याच्या कित्येक व्यक्तिचित्रांतले चेहरे आज भुताटकीसारखे पांढरेफटक दिसतात. जुन्या व्हेनेशियन चित्रकारांची झळाळी साधायला तो आयुष्यभर माध्यमांशी खेळत राहिला, आणि गालांसाठी वापरलेला त्याचा लाल ‘लेक’ रंग, म्हणजे उजेडात फिका पडणारा एक पारदर्शक रंग, उडून गेला. काही चित्रांत तर त्याच्या हयातीतच. वरचा परिणाम बघून आतली कृती ओळखण्यात तोही फसला. आणि कॉपीचा सगळा प्रश्न नेमका इथेच आहे.

तैलरंगातलं व्यक्तिचित्र थरांनी बनतं आणि आपल्याला प्रामुख्यानं दिसतो तो शेवटचा थर. त्याच्या खाली मातकट किंवा करडी रंगवलेली जमीन, म्हणजे कॅनव्हासवरचा पहिला सपाट थर, असते. तिच्यावर पातळ गडद रंगात डोक्याचा गोळाबेरीज आकार, मग उजेडाचे भाग, मग पुन्हा सावल्यांत ग्लेझ, म्हणजे रंगाचा पातळ पारदर्शक थर. सतराव्या शतकातल्या बहुतेक व्यक्तिचित्रांत सावली पातळ आणि उजेड जाड असतो. हा नियम कुठल्याही पुस्तकात एका ओळीत सापडतो, पण हाताला कळतो तो कॉपी करतानाच.

एक उदाहरण घेतो, कारण यात नवशिके हमखास आपटतात. गालावर उजेड संपून सावली सुरू होते तिथे एक थंड, करडी-निळसर छटा दिसते. ती बघून आपण काय करतो? काळा घेतो, पांढरा घेतो, थोडा निळा घालतो आणि तो करडा रंग तिथे नेऊन लावतो. चेहरा लगेच मळका दिसायला लागतो, जणू पोतेऱ्यानं पुसलाय. जुन्या चित्रांत मात्र पुष्कळदा तिथे करडा रंग लावलेलाच नसतो. गडद जमिनीवरून फिकट रंगाचा अगदी पातळ थर ओढला की तो आपोआप निळसर दिसतो. धूर काळोखापुढे निळा दिसतो तसंच. तो रंग ट्यूबमध्ये नाही आणि पॅलेटवरही नाही. तो दोन थरांच्या मधे आहे. आता जो माणूस पांढऱ्या कॅनव्हासवर, प्रिंटशी छटा जुळवत जुळवत, डोळ्यापासून हनुवटीकडे चौकोन भरत निघाला आहे, त्याला ही छटा हुबेहूब मिळेलही. पण ती कुठून आली हे त्याला कधीच कळणार नाही. समोर जिवंत माणूस बसला की तो पुन्हा काळा-पांढरा-निळा कालवायला बसेल.

तेलाचंही तसंच. जवसाचं तेल पाण्यासारखं उडून वाळत नाही. ते हवेतला ऑक्सिजन घेऊन कडक होतं आणि त्याला वेळ लागतो. म्हणून खालच्या थरात तेल कमी आणि वरच्या थरात जास्त, नाहीतर वरचा थर आधी कडक होऊन खालचा हलला की भेगा पडतात. पुढचा थर कधी द्यायचा, कुठे ओल्यावरच ओलं चालवायचं आणि कुठे चार दिवस थांबायचं, हे निर्णय चित्रात असतात, पण दिसत नाहीत. कॉपीत शिकायचे ते हे.

हे मी नुसतं हौसेनं म्हणत नाही. त्याला एक फार सुंदर पुरावा आहे. प्राडोमध्ये मोनालिसाची एक जुनी कॉपी होती. मागे सपाट काळा रंग आणि कुणी फारसं लक्ष न दिलेलं चित्र. तपासणीत कळलं की तो काळा रंग नंतर कुणीतरी फासलेला आहे. तो काढल्यावर खालून निसर्गदृश्य निघालं, आणि मूळ चित्रात आज जवळपास न दिसणाऱ्या भुवयाही या कॉपीत शाबूत आहेत. पण खरी गोष्ट इन्फ्रारेड किरणांनी सांगितली आणि २०१२ मध्ये ती जाहीर झाली. लिओनार्दोनं चित्र रंगवताना आतल्या रेखाटनात जे बदल केले, तेच बदल कॉपीच्या आतही आहेत. म्हणजे कॉपी करणारा लिओनार्दोच्या कार्यशाळेतच, मूळ चित्र घडत असताना, त्याच्या शेजारी बसून काम करत होता. उस्तादानं रेघ सरकवली की यानंही सरकवली. उस्ताद चुकला आणि सुधारला, तसा हाही सुधारला. याला मी गिरवणं म्हणतो. आपल्यापैकी कुणालाच ती खुर्ची आता मिळणार नाही. पण निदान कुठल्या खुर्चीत बसायचा प्रयत्न करतोय हे तरी माहीत हवं.

उलट बाजूचा पुरावाही आहे, आणि तो जरा क्रूर आहे. डच चित्रकार रेम्ब्रांटनं १६२९ च्या सुमारास गळ्याभोवती लोखंडी चिलखती पट्टी घातलेलं स्वतःचं चित्र रंगवलं. त्याच्या दोन प्रती आहेत, एक हेगच्या मॉरित्सहाउसमध्ये आणि एक न्यूरेंबर्गला. हेगची गुळगुळीत आणि सफाईदार प्रत बराच काळ अस्सल मानली जात होती, न्यूरेंबर्गची ढिली, धसमुसळी प्रत कॉपी. मग हेगच्या चित्राखाली काळजीपूर्वक केलेलं रेखाटन सापडलं. रेम्ब्रांटची ती रीत नव्हती. १९९० च्या दशकाच्या अखेरीस निकाल उलटा फिरला. न्यूरेंबर्गचं अस्सल, हेगचं कॉपी. कॉपी करणाऱ्याला शेवट आधीच माहीत होता, म्हणून तो आखून, सांभाळून, कुठेही न घसरता तिथवर गेला. रेम्ब्रांटला तो माहीत नव्हता. त्याचा ब्रश शोधत होता आणि ते शोधणं रंगात उमटलं आहे. म्हणून मला ‘सफाई’ या शब्दाची धास्ती वाटते. कॉपीत सफाई आली की समजावं, शोधणं थांबलंय.

पुरी कॉपी माणसाला याच सफाईकडे ढकलते. पहिले दोन दिवस आपण खरंच विचार करत असतो: जमीन कुठली असेल, सर्वांत गडद काय, डोळ्याच्या खोबणीची सावली आणि केसांची सावली एकच आहे की वेगळी. तिसऱ्या दिवसापासून साम्य दिसायला लागतं आणि मग लोभ सुटतो. मग आपण चित्रकार राहत नाही, तपासनीस होतो. इथे अर्धा मिलिमीटर वर, तिथे छटा किंचित थंड. शिकण्याचं निम्म्याहून जास्त काम पहिल्या दोन दिवसांत झालेलं असतं, आणि उरलेले दोन महिने कौतुकाच्या खात्यात जातात. कौतुकाला माझा विरोध नाही, फक्त त्याला अभ्यास म्हणू नये.

आणि पृष्ठभागच हवा असेल तर माणसाची गरजही उरलेली नाही. २०१६ मध्ये अ‍ॅम्स्टरडॅममध्ये एक ‘नवा रेम्ब्रांट’ सादर झाला. संगणकानं रेम्ब्रांटच्या ३४६ चित्रांचा अभ्यास करून एक कधीच न जन्मलेला माणूस तयार केला आणि त्रिमितीय छपाईनं शाईचे १३ थर चढवून रंगाचा उंचवटाही उठवला. लांबून छान दिसतो. पण त्या १३ थरांना रेम्ब्रांटच्या थरांशी काही देणंघेणं नाही. कुठला थर कशासाठी, कशाच्या आधी, हा प्रश्नच त्यात नाही. नुसती उंची भरली आहे. भिंग घेऊन बसलेला मी त्या यंत्राचाच एक संथ भाऊ होतो. आज एका ओळीची आज्ञा दिली की कुणाच्याही शैलीतला चेहरा क्षणात पडद्यावर येतो. म्हणून कॉपी आता कालबाह्य झाली असं म्हणणारे चुकतात. कालबाह्य झाली ती नक्कल. गिरवण्याची गरज उलट वाढली आहे.

पुरी कॉपी न करण्याचं आणखी एक कारण आहे आणि त्याबद्दल पुरेसं बोललं जात नाही. आपण ज्याची कॉपी करतो ते चित्र उस्तादानं ज्या अवस्थेत सोडलं त्या अवस्थेत नाही. ते म्हातारं झालंय. डच चित्रकार व्हर्मिअरच्या मोत्याच्या डुलातल्या मुलीची कॉपी न केलेला हौशी चित्रकार शोधून सापडायचा नाही, आणि प्रत्येक जण मागे सपाट काळा रंग लावतो. २०१८ मध्ये झालेल्या तपासणीतून असं निघालं की मागे हिरवट पडदा होता. त्याचे रंग उडाले, थर बदलला आणि काळोख उरला. त्या मुलीला बारीक पापण्याही होत्या, ज्या नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत. आपण व्हर्मिअरचा निर्णय समजून साडेतीन शतकांची झीज उतरवत असतो. रेम्ब्रांटच्या १६४२ मधल्या प्रसिद्ध समूहचित्राला ‘रात्रीचा पहारा’ हे नाव पडलं तेच व्हार्निश काळवंडल्यामुळे. चित्र दिवसाचं आहे. व्हार्निशच्या पिवळ्या-तपकिरी झाकेलाच ‘जुन्या उस्तादांचा रंग’ समजून ती पॅलेटवर कालवणाऱ्या पिढ्याच्या पिढ्या होऊन गेल्या. आजही इंटरनेटवरच्या निम्म्या कॉप्या चहात बुडवून काढल्यासारख्या दिसतात.

सामग्रीचीही तीच कथा. जुना पांढरा म्हणजे शिशाचा पांढरा. किंचित ऊबदार, थोडा पारदर्शक, ब्रशमागे लोण्यासारखा न येता चिवट दोरीसारखा ओढला जाणारा. शिसं विषारी म्हणून तो आता सहज मिळत नाही, आणि विसाव्या शतकात आलेला टिटॅनियमचा पांढरा थंड आणि पूर्ण झाकणारा आहे. त्यानं जुन्या चित्रातला कपाळावरचा उजेड रंगवायला गेलं की खडू लावल्यासारखा होतो. रेम्ब्रांटच्या जाड पांढऱ्यात तर २०१९ मध्ये शिशाचं एक दुर्मीळ संयुग सापडलं. तो तेलात शिशाचा ऑक्साइड मिसळून त्याला घट्टपणा आणत असावा, असा संशोधकांचा निष्कर्ष आहे. ट्यूबमधला रंग घेऊन ती जाडी जशीच्या तशी आणणं अशक्य आहे. मग अशक्य गोष्टीसाठी महिने का घालवायचे? त्यापेक्षा रेम्ब्रांटनं जाडी कुठे ठेवली आणि कुठे मुद्दाम टाळली हे बघावं. नाकाच्या शेंड्यावर आहे. खाली गळ्याच्या सावलीत नाही. एवढं कळलं तरी आपल्या टिटॅनियमवर भागतं.

अपुरी कॉपी कशी कामाला येते, याचं मला सगळ्यात आवडणारं उदाहरण रेम्ब्रांटचंच आहे. १६३९ मध्ये अ‍ॅम्स्टरडॅमच्या एका लिलावात राफाएलनं रंगवलेलं कास्तील्योने या इटालियन दरबारी लेखकाचं व्यक्तिचित्र आलं. रेम्ब्रांटनं ते तिथल्या तिथे भराभर रेखाटून घेतलं आणि बाजूला किंमतही टिपली, ३५०० गिल्डर. एवढाच कागद. पुढच्याच वर्षी, १६४० मध्ये, त्यानं ३४ वर्षांच्या स्वतःला त्या धर्तीच्या बैठकीत रंगवलं. कठड्यावर हात, अंग वळलेलं, नजर आपल्याकडे. राफाएलचं चित्र त्याच्याजवळ नव्हतं, होती ती थोडीशी आठवण आणि एक घाईचं रेखाटन. मला वाटतं म्हणूनच ते जमलं. पूर्ण कॉपी जवळ असती तर तिनं त्याला पकडून ठेवलं असतं.

दुसरं उदाहरण अमेरिकन चित्रकार सार्जंटचं. १८७९ मध्ये, विशीत, तो प्राडोत वेलास्केझच्या कॉप्या करत होता. ‘लास मेनिनास’ हे मूळ चित्र तीन मीटरहून उंच आहे, सार्जंटची त्याची कॉपी लहान आणि तपशील गाळलेली. पुढच्या वर्षी तो हार्लेमला जाऊन फ्रान्स हाल्सच्या समूहचित्रांतली डोकी उतरवत बसला. आणि १८८२ मध्ये त्यानं बॉइट कुटुंबातल्या चार मुली रंगवल्या: मोठी अंधारी खोली, मुली विखुरलेल्या, दोघी जवळपास काळोखात. वेलास्केझचा एकही फटकारा त्यात उचललेला नाही, पण अंधार वापरायची युक्ती सबंध ‘लास मेनिनास’मधून आली आहे. २०१० मध्ये ‘लास मेनिनास’ आणि हे चित्र प्राडोत शेजारी लावली गेली. रेनल्ड्सनं सांगितलेलं ‘जोडचित्र’ म्हणजे याहून वेगळं काय असतं?

आता संस्थांकडे वळतो, कारण हा फक्त ईझलवरचा प्रश्न नाही. पॅरिसचं लूव्र संग्रहालय १७९३ मध्ये उघडलं तेव्हा फ्रेंच क्रांतीच्या दहा दिवसांच्या आठवड्यातले पाच दिवस कलावंतांसाठी राखीव होते आणि सर्वसामान्य लोकांसाठी तीन. संग्रहालय ही आधी शाळा होती, मग प्रेक्षणीय स्थळ. आणि ती अशी शाळा होती जिथे खऱ्या शाळांनी बाहेर ठेवलेल्यांनाही जागा मिळायची. पॅरिसच्या सरकारी कलाशाळेनं स्त्रियांना प्रवेश दिला १८९७ मध्ये. चित्रकार बर्थ मोरिसोनं त्याच्या जवळपास चाळीस वर्षं आधी लूव्रमध्ये कॉपी करणाऱ्यांच्या नोंदवहीत नाव लिहून काम सुरू केलं होतं. चित्रकार मेरी कॅसटही अशीच शिकली. ज्यांना उस्ताद कुणी दिला नाही त्यांनी भिंतीवरचे उस्ताद धरले.

लूव्र आजही परवाने देतं. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयातही ही प्रथा १८७२ पासूनची. अटी साध्या असतात: कॉपीचा आकार मुळाहून वेगळा हवा, सही उतरवायची नाही. पण अशी ठिकाणं थोडी, परवाने मोजके, आणि बाकी बहुतेक दालनांत ईझल उघडणाऱ्यापेक्षा फोन उंचावणाऱ्याची सोय जास्त. ज्या संग्रहालयात तैलचित्रं आहेत त्यानं आठवड्यातली एक सकाळ, एक दालन, चार ईझल एवढं तरी द्यावं. तेलाचा वास आणि सांडण्याची भीती असेल तर निदान कोळसा आणि कागद. रेम्ब्रांटला लिलावात तेवढंच मिळालं होतं.

‘आता उत्तम प्रतिमा घरबसल्या मिळतात की,’ असं कुणी म्हणेल. मिळतात, आणि मी त्यांचा ऋणी आहे. माझे अकरा दिवस कशात गेले हे मला एका प्रतिमेनंच दाखवलं. अ‍ॅम्स्टरडॅमच्या राइक्सम्युझियमनं २०२२ मध्ये ‘रात्रीचा पहारा’ची ७१७ गिगापिक्सेलची प्रतिमा सर्वांसाठी खुली केली. तिच्यात रंगाचा कणही दिसतो. पण पडदा स्वतः उजेड फेकतो आणि चित्र पडलेला उजेड परत देतं. पडद्यावर जाड रंग आणि पातळ रंग एकाच सपाटीवर येतात. खऱ्या चित्रासमोर आपण एक पाऊल डावीकडे सरकलो की गालावरचा रंग चमकतो आणि सावली बुडते, म्हणजे थर दिसतात. शिवाय अंतर. लेस कुठल्या पावलावर लेस होते, हे पडद्यावर बोटांनी मोठं-लहान करून कळत नाही.

आणि शाळांना एक मागणी. कॉपीला अभ्यासक्रमात परत घ्या, पण गुण साम्याला देऊ नका. विद्यार्थ्याला एक डोकं द्या, दोन दिवस द्या, आणि तिसऱ्या दिवशी कॅनव्हास भिंतीकडे तोंड करून ठेवा. मग समोर माणूस बसवा, शक्यतो तशाच उजेडात, आणि त्याच जमिनीवर, त्याच चार-पाच रंगांत, त्याच क्रमानं त्याला रंगवायला सांगा. स्वीडनचा चित्रकार आंदेर्स झोर्न याच्या नावानं ओळखलं जाणारं पॅलेट पुरेसं आहे: पांढरा, पिवळा ओकर (मातकट पिवळा), व्हर्मिलियन (शेंदरी लाल), काळा. निळा हवासा वाटला की काळ्या-पांढऱ्याचा करडा त्वचेच्या केशरीशेजारी ठेवून बघावा, तो निळाच दिसतो. गुण द्यायचे ते या दुसऱ्या चित्राला. पहिलं कुणी पाहिलंही नाही तरी चालेल.

मी स्वतः आता असंच करतो. माझ्या खोलीत अर्धवट डोक्यांचे दहा-बारा कॅनव्हास आहेत. कुणाला एकच डोळा, कुणाला कान नाही, एका टिशियनला तर नाकाखाली काहीच नाही. येणारे जाणारे विचारतात की हे कधी पुरं करणार. ती पारेहाची हुबेहूब कॉपी मात्र मी एकदा खरवडून तो कॅनव्हास परत वापरला.

शिकायला येणारे बहुधा एकच विचारतात: पहिली कॉपी कुणाची? उतारवयातला रेम्ब्रांट नको, त्याचे थर इतके आहेत की नवशिका नुसती जाडी उतरवतो. हाल्सही नको. त्याचे फटकारे बघून वाटतं, हे तर पाच मिनिटांचं काम, आणि मग पाच मिनिटांत जे होतं ते बघवत नाही. मी सांगतो, पारेहा घ्या. कपाळावरचा उजेड, गालावरची सावली, मागची करडी-हिरवट पोकळी. दोन दिवस. कॉलरला हात लावू नका.